वनभूमीवरील कार्बन शेतीचे शासकीय नियमन (जुन्नर व आंबेगाव)

वनभूमीवरील कार्बन शेतीचे शासकीय नियमन म्हणजे राखीव वने, अभयारण्ये, देवराया आणि सामूहिक वनहक्काची जंगले अशा संवर्धनासाठी राखलेल्या जमिनींवर वृक्ष व माती यांत कार्बन साठविण्याचे जे कार्यक्रम राबविले जातात, त्यांवरील शासनाची देखरेख होय. भारतात यासाठी एकच स्वतंत्र कायदा नाही. वन, वन्यजीव, पर्यावरण, ऊर्जा संवर्धन, आदिवासींचे वनहक्क आणि जमीन महसूल या विषयांवरील निरनिराळ्या कायद्यांच्या एकत्रित परिणामातून हे नियमन घडते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत हे बहुतेक सर्व कायदे एकाच डोंगररांगेवर लागू होत असल्याने या विषयाच्या अभ्यासासाठी हा परिसर उपयुक्त ठरतो.

संज्ञा व मूलतत्त्व

वनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि त्यातील कार्बन खोड, फांद्या, मुळे व पालापाचोळा यांत साठवितात. लाकडाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग कार्बनचा असतो. एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड असे रूपांतर केले जाते. हा साठा जाणीवपूर्वक वाढविण्याच्या उद्देशाने केलेली लागवड, नैसर्गिक पुनरुज्जीवन, चराईवरील नियंत्रण, मृदसंधारण अथवा पिकांचे अवशेष जमिनीत मुरविणे यांना एकत्रितपणे कार्बन शेती म्हणतात.

एक कार्बन क्रेडिट म्हणजे वातावरणातून काढलेला अथवा वातावरणात जाण्यापासून रोखलेला एक टन कार्बन डायऑक्साइड किंवा त्याच्या तुल्य अन्य वायू होय. उत्सर्जन करणारे उद्योग असे क्रेडिट विकत घेऊन आपल्या उत्सर्जनाची भरपाई केल्याचे दाखवू शकतात. त्यामुळे क्रेडिटमागील साठा खरा नसेल तर उत्सर्जन मात्र प्रत्यक्षात होते आणि भरपाई केवळ कागदावर उरते. नियमनाची गरज प्रामुख्याने येथून उद्भवते. संवर्धनाच्या जमिनीवर या गरजेत आणखी एक भर पडते: तेथील जंगलावर वन्यजीवांचे आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजांचे जीवन आधीपासूनच अवलंबून असते.

भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुख्य धारेवर वसलेला आहे. कुकडी, मीना व घोड या नद्या या भागात उगम पावून पूर्वेकडे वाहतात. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव व डिंभे ही धरणे याच खोऱ्यांत आहेत. पूर्वेकडील सपाट भागात ऊस, द्राक्षे, कांदा, टोमॅटो अशी बागायती पिके घेतली जातात. पश्चिमेकडील डोंगराळ भागात भात, नाचणी व वरई ही मुख्य पिके आहेत. उतारावर दगडी बांध घालून भातखाचरे तयार करण्याच्या येथील पद्धतीस 'पडकई' असे नाव आहे.

पश्चिम भागात महादेव कोळी, ठाकर व कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. जंगलातून मिळणारा हिरडा हा त्यांच्या रोख उत्पन्नाचा एक प्रमुख आधार आहे. पूर्ण पक्व होण्यापूर्वी गोळा करून वाळविलेल्या फळास 'बाळहिरडा' म्हणतात व औषधी उपयोगामुळे त्यास बाजारात मागणी असते. हिरड्याची झाडे वनजमिनीवर तसेच मालकीच्या शेतांच्या बांधांवरही आढळतात.

१६ सप्टेंबर १९८५ रोजी घोषित झालेले भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य १३०.७८ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. त्यात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड, रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि ठाणे जिल्ह्यातील मुरबाड या तालुक्यांतील क्षेत्राचा समावेश होतो. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू याचे हे महत्त्वाचे निवासस्थान आहे. शेकरू उंच झाडांच्या परस्परांत गुंतलेल्या फांद्यांवरून ये-जा करतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने वृक्षांच्या केवळ संख्येपेक्षा छताच्या सलगतेला अधिक महत्त्व आहे.

या परिसरात देवरायाही आहेत. आंबेगाव तालुक्यातील आहुपे येथील देवराई विशेष परिचित आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे परिस्थितिकीय महत्त्व शास्त्रीय जगापुढे मांडले.

जमिनीचे प्रकार

कार्बन कार्यक्रमास कोणाची परवानगी लागेल हे प्रथम जमिनीच्या प्रकारावरून ठरते. या दोन तालुक्यांत पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत.

राखीव व संरक्षित वने: भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली अधिसूचित झालेली ही वने वन विभागाच्या ताब्यात असतात. जुन्नर येथे मुख्यालय असलेल्या जुन्नर वन विभागाकडे या परिसरातील वनांचे व्यवस्थापन आहे.

अभयारण्य: येथे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. अधिवासात बदल घडविणाऱ्या अथवा वनोपज बाहेर काढणाऱ्या कोणत्याही कामासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा परवाना आवश्यक असतो. असे काम वन्यजीवांच्या हिताचे व चांगल्या व्यवस्थापनासाठी आवश्यक आहे, अशी शासनाची खात्री पटल्यावरच तो देता येतो.

सामूहिक वनसंपत्तीची जमीन: वनहक्क अधिनियम, २००६ खाली ज्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेस आहे, ती जमीन. या कायद्यातील 'वनजमीन' या संज्ञेत अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांचाही समावेश होतो.

वैयक्तिक वनहक्काची व मालकीची जमीन: वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन वारसाहक्काने पुढे जाते, परंतु ती विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. आदिवासींच्या मालकीच्या जमिनीस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६-अ चे संरक्षण आहे. त्यानुसार अशी जमीन बिगर-आदिवासीस भाडेपट्ट्याने अथवा गहाण द्यावयाची असल्यास पाच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. इतर बाबतींत राज्य शासनाची मान्यताही आवश्यक असते. वृक्षलागवडीवर आधारित कार्बन करार दीर्घ मुदतीचे, अनेकदा वीस वर्षे वा त्याहून अधिक काळाचे असतात. म्हणून एखाद्या कराराने जमिनीच्या वापराचा हक्क प्रत्यक्षात दुसऱ्याकडे जात असेल, तर त्याचे शीर्षक काहीही असले तरी हे कलम विचारात घ्यावे लागते.

कायदेशीर चौकट

वन संवर्धन कायदा

वन (संवर्धन) अधिनियम, १९८० नुसार वनजमिनीचा वनेतर कामासाठी वापर करण्यापूर्वी केंद्र शासनाची मान्यता घ्यावी लागते. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' असे झाले आणि ती दुरुस्ती १ डिसेंबर २०२३ पासून अमलात आली. चहा, कॉफी, मसाल्याची पिके, रबर, ताड, तेल देणाऱ्या वनस्पती, फळबागा व औषधी वनस्पती यांच्या लागवडीसाठी वनजमीन मोकळी करणे हे या कायद्याच्या दृष्टीने वनेतर काम ठरते. त्यामुळे कार्बन साठा वाढेल एवढ्या कारणाने वनजमिनीवर फळबाग उभी करता येत नाही.

भरपाई वनीकरण

वनजमीन अन्य कामासाठी वळविल्यास त्या बदल्यात वनीकरण करणे बंधनकारक असते. त्यासाठी जमा होणाऱ्या रकमेचे व्यवस्थापन भरपाई वनीकरण निधी अधिनियम, २०१६ व त्याखालील २०१८ च्या नियमांनुसार होते. या निधीतील ९० टक्के रक्कम राज्यांकडे व १० टक्के राष्ट्रीय निधीकडे जाते. ग्रामसभेशी विचारविनिमय करून कामे हाती घ्यावीत, अशी तरतूद नियमांत आहे.

अनुसूचित क्षेत्र व ग्रामसभा

२ डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा काही भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय घोडेगाव येथे आहे. या भागास पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ अर्थात 'पेसा' लागू असून महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. समाजाच्या साधनसंपत्तीचे रक्षण करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, हे या कायद्याचे सूत्र आहे.

वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(ग) गौण वनोपजाची मालकी, संकलन व विक्री यांचा हक्क देते. कलम ३(१)(झ) सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क देते. कलम ५ नुसार वन्यजीव, जैवविविधता व पाणलोट क्षेत्र यांचे रक्षण करण्याचा अधिकार हक्कधारक व ग्रामसभा यांना मिळतो. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून या तरतुदींच्या वापराचा आरंभीचा आदर्श घालून दिला. जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळल्यास विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांत राज्यपालांच्या मे २०२० मधील अधिसूचनेने झाली.

वन्यजीव कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार एखादे अभयारण्य अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहक्क कायदा लागू असलेल्या क्षेत्रात येत असल्यास त्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी विचारविनिमय करून तयार करावा लागतो. भीमाशंकर परिसराच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. कार्बन साठ्यासाठी करावयाचे कोणतेही काम या आराखड्याशी सुसंगत असणे अपेक्षित आहे.

केंद्रीय योजना

ग्रीन क्रेडिट कार्यक्रम

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिट नियम अधिसूचित केले. कार्यक्रमाचे प्रशासन देहरादून येथील भारतीय वानिकी संशोधन व शिक्षण परिषदेकडे आहे. वृक्षलागवडीची कार्यपद्धती २२ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाली. राज्यांच्या वन विभागांनी निकृष्ट झालेल्या जमिनी निश्चित करावयाच्या, खाजगी वा सार्वजनिक संस्थांनी खर्च द्यावयाचा आणि वन विभागाने लागवड करावयाची, अशी तिची रचना होती. जमिनीचा तुकडा किमान ५ हेक्टर असावा, हेक्टरी किमान १,१०० झाडे असावीत व प्रत्येक झाडामागे एक ग्रीन क्रेडिट द्यावे, असे निकष ठरविण्यात आले. म्हणजे लहानात लहान प्रकल्पातही किमान ५,५०० झाडे लावावी लागत.

या निकषांवर अभ्यासकांनी टीका केली. गवताळ पठारे, खडकाळ सडे व झुडपी वने ही स्वतंत्र परिसंस्था असून त्यांना निकृष्ट जमीन समजून दाट लागवड केल्यास तेथील जीवसृष्टीची हानी होते, असा मुख्य आक्षेप होता. ऑगस्ट २०२५ मधील सुधारित कार्यपद्धतीने केवळ झाडे लावल्याबद्दल क्रेडिट देण्याची पद्धत बदलली. पाच वर्षांच्या पुनरुज्जीवनानंतर आणि वृक्षछताची घनता किमान ४० टक्के झाल्यावरच क्रेडिट मिळेल, अशी अट घालण्यात आली. तथापि घनतेची ही अट नैसर्गिकदृष्ट्या विरळ वृक्ष असणाऱ्या माळरानांच्या बाबतीत पूर्वीचाच प्रश्न कायम ठेवते.

ग्रीन क्रेडिट हे कार्बन क्रेडिटहून वेगळे आहे. मात्र ज्या कामास ग्रीन क्रेडिट मिळते, त्याच कामातून हवामानविषयक लाभ होत असल्यास कार्बन क्रेडिटही मिळविता येईल, अशी मुभा २०२३ च्या नियमांत आहे.

कार्बन क्रेडिट व्यापार योजना

ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियम, २०२२ च्या आधारे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ऊर्जा दक्षता ब्युरो तिचे प्रशासक असून केंद्रीय विद्युत नियामक आयोग व्यापाराचे नियमन करतो. नोंदवहीचे काम 'ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडिया' या संस्थेकडे आहे. डिसेंबर २०२३ च्या दुरुस्तीने बंधनकारक लक्ष्य नसलेल्या संस्थांनाही स्वेच्छेने प्रकल्प नोंदविण्याचा मार्ग खुला झाला. शेतजमिनीसाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कृषी क्षेत्रातील ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. याखेरीज 'व्हेरा', 'गोल्ड स्टँडर्ड' यांसारख्या आंतरराष्ट्रीय खाजगी संस्थांच्या मानकांनुसारही भारतातील प्रकल्प नोंदविले जातात. अशा नोंदणीने भारतीय कायद्यांखालील परवानग्यांची गरज संपत नाही.

मूल्यमापनाचे निकष व स्थानिक संदर्भ

कार्बन प्रकल्पाची तपासणी करताना सामान्यतः चार कसोट्या लावल्या जातात.

अतिरिक्तता: प्रकल्प नसता तर जो साठा झाला नसता, तेवढाच मोजावयाचा. या कसोटीनुसार शेकडो वर्षे राखलेल्या देवराईतील विद्यमान साठ्यास क्रेडिट मिळत नाही. ज्या गावाने जंगल राखले त्यास काही नाही व ज्या टेकडीवरील जंगल नष्ट झाले तेथे मात्र निधी, असा विरोधाभास यातून निर्माण होऊ शकतो.

स्थायित्व: साठविलेला कार्बन दीर्घकाळ टिकला पाहिजे. ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात जुन्नर व आंबेगाव भागातील हिरड्याच्या झाडांचे मोठे नुकसान झाले. त्याच्या भरपाईची मागणी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घकाळ लावून धरावी लागली. वादळ, वणवा व दरड यांमुळे होणाऱ्या हानीसाठी काही क्रेडिट राखून ठेवण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानकांत असते. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी झालेल्या भूस्खलनात सुमारे दीडशे लोक मृत्युमुखी पडले. अशा तीव्र उताराच्या प्रदेशात लागवडीसाठी चर खणणे वा यंत्राने सपाटीकरण करणे याची भूशास्त्रीय तपासणी हा केवळ कार्बनच्या नव्हे, तर मानवी सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक भाग ठरतो.

गळती: एका जागी चराई अथवा सरपण बंद केल्याने तोच भार शेजारच्या जंगलावर पडल्यास निव्वळ लाभ घटतो.

दुहेरी मोजणी: एकच टन दोन ठिकाणी दाखविता कामा नये. भरपाई वनीकरण, ग्रीन क्रेडिट व कार्बन क्रेडिट यांच्या नोंदी वेगवेगळ्या यंत्रणांकडे असल्याने एकाच भूखंडाची नोंद परस्परांशी ताडून पाहणे महत्त्वाचे ठरते.

कार्बनच्या मालकीचा प्रश्न

वनहक्क कायद्यात 'कार्बन' असा शब्द येत नाही. बांबू, मध, तेंदूपाने, औषधी वनस्पती यांचा समावेश गौण वनोपजात आहे, परंतु उभ्या झाडात साठलेल्या कार्बनचा उल्लेख त्यात नाही. यावर दोन मते मांडली जातात. पहिल्या मतानुसार वनजमीन शासनाची असल्याने तिच्यावरील कार्बनचा लाभही शासनाचा आहे. दुसऱ्या मतानुसार जंगल राखण्याचा व पुनरुज्जीवित करण्याचा हक्क ज्या ग्रामसभेस आहे, तिच्या श्रमाचे ते फळ असल्याने लाभही तिचाच आहे. ओडिशातील नियमगिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी वनहक्कांचे दावे ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला होता. तो निकाल खाणकामासंबंधी होता. तरीही वनभूमीच्या वापरात बदल करताना ग्रामसभेचे मत निर्णायक ठरू शकते, या युक्तिवादासाठी त्याचा आधार घेतला जातो.

जुन्नर व आंबेगावच्या संदर्भात या प्रश्नाचे व्यावहारिक रूप हिरड्याशी निगडित आहे. एखाद्या टेकडीस कुंपण घालून तेथे जलद वाढणाऱ्या झाडांची दाट लागवड केली, तर कागदोपत्री कार्बन वाढतो, परंतु हिरडा वेचण्याची वाट व गुरांची चराई बंद होते. उलट हिरडा, जांभूळ, आंबा यांसारख्या स्थानिक वृक्षांचे पुनरुज्जीवन केल्यास साठा सावकाश वाढत असला तरी उत्पन्न व अधिवास दोन्ही टिकतात. यांपैकी कोणता मार्ग निवडला जातो, हे निर्णयप्रक्रियेत ग्रामसभेस किती स्थान मिळते यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते.

अन्य देशांतील अनुभव

ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये कार्बन शेतीसाठी स्वतंत्र कायदा केला. तेथे प्रकल्पांची नोंदणी व क्रेडिटचे वितरण 'क्लीन एनर्जी रेग्युलेटर' ही शासकीय संस्था करते. जमिनीत हितसंबंध असणाऱ्यांची, त्यात आदिवासी समूहांचीही, संमती घेण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. २०२२ मध्ये अँड्र्यू मॅकिंटॉश या कायदेतज्ज्ञांनी, नैसर्गिक पुनरुज्जीवनाच्या अनेक प्रकल्पांत प्रत्यक्ष वाढीपेक्षा अधिक क्रेडिट दिले जात असल्याची टीका केली. मॅकिंटॉश हे स्वतः त्या व्यवस्थेतील तपासणी समितीचे माजी अध्यक्ष होते. त्यानंतर इयान चब यांच्या अध्यक्षतेखालील समितीने व्यवस्था मूलतः योग्य असल्याचा निर्वाळा दिला, पण पारदर्शकता वाढविण्याच्या आणि क्रेडिट देणे, खरेदी करणे व तपासणे ही कामे परस्परांपासून वेगळी करण्याच्या शिफारशी केल्या.

भारतातील ग्रीन क्रेडिट रचनेत जमीन निश्चित करणारी व लागवड करणारी यंत्रणा वन विभागच आहे. त्यामुळे स्वतंत्र पडताळणी, भूखंडनिहाय नकाशांची सार्वजनिक उपलब्धता आणि ग्रामसभेपुढे मराठीतून ठेवलेला वार्षिक अहवाल या बाबींना नियमनाच्या चर्चेत विशेष महत्त्व दिले जाते.